आईचं रीळ

मेमध्ये टोन्स नदीवर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घेऊन उतरायचं नक्की झालं. उत्तराखंडात नैटवाडला रुपिन आणि सुपिन एकत्र येतात, तिथून पुढे ती टोन्स. गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन, मग डेहराडून, मग पुरोलामार्गे मोरी. कयाक तिकडेच भाड्याने. इथवर सगळं सोपं.

आई म्हणाली, "एवढं लांब कशाला? कोलाड आहे की."

कोलाड आहेच. पण तिथल्या कुंडलिका नदीचं पाणी म्हणजे नळाचं पाणी. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला जातं, तिथे वीज होते, आणि तेच पुढे नदीत सुटतं. पहाटे पाचला कोथरूडहून निघायचं, ताम्हिणी उतरायची, काठावर चहा पीत पाण्याची वाट बघायची. टोन्सचा नळ उन्हाच्या हातात. वर दिवसभर वितळलेला बर्फ खाली उशिरा पोचतो, म्हणून सकाळी लवकर उतरायचं आणि पाणी चढायच्या आत बाहेर. रोज थोडंच अंतर धरलंय. भावाला ते फार कमी वाटतं. वाटू दे.

मला धास्ती लाटांपेक्षा थंडीची. गेल्या वर्षी कुंडलिकेत उलटले. रोल, म्हणजे बसल्या बसल्या कयाक पुन्हा सुलटी करणं, दोनदा फसला. तेव्हा बाहेर पडायला स्प्रे स्कर्टचा (कमरेभोवती बांधून कयाकचं तोंड झाकणाऱ्या कापडाचा) लूप शोधला, ज्याला ओढलं की स्कर्ट सुटतो, तर लूप नाही! घाईत तो आतच दुमडला गेला होता. डोकं खाली, नाकात पाणी, आणि मी कयाकच्या कडेवर बोटं फिरवतेय. शेवटी बाजूने स्कर्ट चिमटीत धरून ओढला. त्या कोमट पाण्यात बोटं चालली. बर्फाच्या पाण्यात ती लाकडासारखी होतात.

म्हणून आमचा एक नियम: निघताना प्रत्येकाचा लूप दुसऱ्याने बघायचा. दुसरा नियम, मोठा रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचा टप्पा, आधी काठावरून चालत बघायचा. प्रवाहात झाड आडवं दिसलं की चर्चा बंद, कयाक खांद्यावर. पाणी झाडातून गाळून जातं, माणूस अडकतो. भाऊ म्हणतो, "मग नुसतं ट्रेकलाच जाऊ या." त्याला हेल्मेट घ्यायला पाठवलंय.

तोवर आईने शिवणाच्या डब्यातलं रिकामं रीळ काढलं आणि दाभणाने लूपला पक्कं शिवून दिलं. मी डोळे मिटून, हातात ओव्हनचे जाड मोजे घालून, हॉलमध्ये कयाकऐवजी टबात बसून ओढून बघितलं.

पहिल्या झटक्यात हातात आलं.