पंपावरचं पेट्रोल आणि रोटॅक्स ९१२

"मोटारसायकलला चालतं, मग विमानाला का नाही?" मायक्रोलाइटच्या, म्हणजे एक-दोन माणसांच्या हलक्या छोट्या विमानाच्या, टाकीत काय भरायचं याचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि तो रास्तही आहे. रोटॅक्स ९१२ हे ऑस्ट्रियात बनणारं चार सिलिंडरचं इंजिन मुळात शिसं नसलेल्या साध्या पेट्रोलवर चालावं म्हणूनच आखलेलं आहे. एनसीसीच्या पिपिस्ट्रेल व्हायरसमध्ये हेच इंजिन आहे, झेनएअर ७०१ सारख्या घरी बांधल्या जाणाऱ्या विमानांवरही हेच सर्रास दिसतं. त्यामुळे पंपावरून कॅन भरून आणायचा आणि टाकीत ओतायचा, ही सवय पडली.

ती सवय आता मोडायला हवी. इंजिनात काही बदललेलं नाही, पेट्रोल बदललंय. २०२५ पासून देशभर पंपांवर मिळतं ते मुख्यतः ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. रोटॅक्सची ९१२ साठीची मंजुरी १० टक्क्यांपर्यंतच आहे. शिवाय ही झाली इंजिनाची मंजुरी. विमानाची टाकी, नळ्या आणि गाळण्या यांच्यासाठी विमानाच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वेगळं पाहावं लागतं, आणि दोन्हींत जे कडक असेल तेच पाळायचं.

२० टक्क्यांनी नेमकं बिघडतं काय? पहिली गोष्ट हवा आणि इंधनाच्या मिश्रणाची. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून ते जळायला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. ९१२ च्या दोन बिंग कार्ब्युरेटरमध्ये जेट, म्हणजे इंधन सोडणारी बारीक छिद्रं, ठरलेल्या मापाचे असतात. उंचीप्रमाणे मिश्रण जुळवून घ्यायची सोय त्यांत आहे, पण इंधनात काय मिसळलंय हे त्यांना कळत नाही. मोटारीतला इंजेक्शनचा संगणक सेन्सरवरून इंधन वाढवून घेतो, इथे तसं काही नाही. जेटमधून तेवढंच इंधन येतं, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. ते दाखवणारं मीटर बसवलेलं नसेल, तर हे उडवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट रबराची आणि रेझिनची. जुन्या होज, ओ-रिंग आणि गॅस्केट इथेनॉलने फुगतात, मग चिरतात. फायबरग्लासच्या टाकीचं रेझिन जुन्या प्रकारचं असेल तर ते मऊ पडतं. टाकीच्या आत गळती थांबवायला लावलेला लेप सुटतो आणि चिकट साय होऊन गाळणीत बसतो. गाळणीत तपकिरी चिकटा दिसला की नुसती गाळणी धुऊन पुढे जाऊ नका, टाकीच्या आत टॉर्च मारून बघा. इंधनाच्या रबरी होज तशाही दर ५ वर्षांनी बदलायच्याच असतात, दिसायला कितीही चांगल्या असोत.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि पावसाळ्यात हीच सगळ्यांत घातक. साध्या पेट्रोलमध्ये पाणी विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. ते थेंब होऊन तळाला जातं आणि ड्रेन करताना बाटलीत स्पष्ट दिसतं. इथेनॉल मात्र पाणी पोटात घेतं, त्यामुळे नमुना स्वच्छ दिसतो. पाणी प्रमाणाबाहेर गेलं किंवा रात्रीत इंधन गार झालं, की इथेनॉल आणि पाणी मिळून एकदम खाली बसतात. तळाचा तो थर इंजिनात जळत नाही. वरच्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेलेलं असतं, म्हणून त्याचा ऑक्टेनही, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची क्षमताही, घसरलेला असतो.

तेव्हा आणलेला प्रत्येक कॅन तपासायचा. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानात १०० मिलिलिटरचा खुणांचा काचेचा नळकांडा मिळतो, तो घ्या. त्यात १० च्या खुणेपर्यंत पाणी घाला आणि वर १०० पर्यंत पेट्रोल. बूच लावून मिनिटभर हलवा, मधे एकदा बूच सैल करून वाफ जाऊ द्या, मग १० मिनिटं सपाट जागी ठेवा. खालच्या थराची रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास गेली तर १० टक्के, २८ च्या आसपास गेली तर २० टक्के. हिशोब सोपा आहे: रेघ जितकी चढली त्याला ९० ने भागायचं. पाणी आणि इथेनॉल एकत्र आल्यावर थोडं आकुंचन होतं, म्हणून आकडा जरासा कमीच येतो. रेघ १७ ओलांडून गेली तर तो कॅन विमानात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हे सगळं उघड्यावर करायचं, हँगरमध्ये नाही, आणि तपासलेला नमुना परत कॅनमध्ये ओतायचा नाही.

महागडं प्रीमियम पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेलं, अशी समजूत करून घेऊ नका. ऑक्टेन आणि इथेनॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ८० अश्वशक्तीच्या ९१२ ला ९० ऑक्टेन पुरतो, ९१२ च्याच १०० अश्वशक्तीच्या यूएलएस या प्रकाराला ९५ लागतो. हा आकडा पंपावर लिहिलेला असतो, इथेनॉलचा मात्र नळकांड्यातच दिसतो. दुसरा एक जुगाड म्हणजे पेट्रोल पाण्याने 'धुऊन' इथेनॉल काढून टाकणं. हे अजिबात करू नये. इथेनॉलने वाढवलेला ऑक्टेन त्याच्याबरोबरच निघून जातो, आणि हातात उरतं ते किती ऑक्टेनचं आहे हे सांगता येत नाही. १०० अश्वशक्तीच्या इंजिनाचा दाब जास्त असतो, टेक-ऑफला पूर्ण थ्रॉटलवर त्यात डिटोनेशन, म्हणजे इंधनाचं अवेळी स्फोटासारखं पेटणं, सुरू झालं तर पिस्टन जातो.

खात्रीचा पर्याय म्हणजे एव्हगॅस १०० एलएल, हे विमानांसाठीचं खास पेट्रोल. इंडियन ऑइल २०२२ पासून ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवते. त्यात इथेनॉल नसतं आणि ते लवकर शिळंही होत नाही. रंग निळा असतो, त्यामुळे ओळखणं सोपं. पण नावात 'लो लेड' असलं तरी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं आणि ९१२ ला ते मानवत नाही. या इंजिनात गिअरबॉक्सला वेगळं तेल नसतं, इंजिनाचंच तेल तिथे फिरतं. शिशाचा राखाडी गाळ तेलाच्या टाकीच्या तळाशी जमतो, तसाच गिअरबॉक्सच्या क्लचमध्येही जाऊन बसतो. म्हणून एव्हगॅसचा वापर ३० टक्क्यांहून जास्त असेल तर तेल आणि फिल्टर १०० ऐवजी ५० तासांनी बदला, आणि स्पार्क प्लग २०० ऐवजी १०० तासांनी. तेल मोटारसायकलच्या जातीचं, गिअरला चालणारं, सेमी-सिंथेटिक असावं. पूर्ण सिंथेटिक तेल शिसं नीट वाहून नेत नाही. तेल बदलताना टाकी काढून तळ बोटाने पुसून बघा. ग्रीससारखा करडा थर हाताला लागला तर पुढची मुदत आणखी कमी करा.

इंधन कुठलंही असो, कार्ब्युरेटरचे बाउल, म्हणजे इंधन साठणाऱ्या तळाच्या वाट्या, उघडून बघण्यात आळस करू नका. इंधनाचा कॉक बंद करायचा, खाली फडकं धरायचं, तारेची क्लिप बाजूला सारायची की बाउल हातात येतो. तो तिरपा न करता उजेडात धरा. तळाशी पाण्याचा मणी, पांढुरकी पूड किंवा रबराचा काळा कण आहे का पाहा. काळे कण दिसले तर होज आतून सुटतेय. मग दोन्ही फ्लोट, म्हणजे इंधनावर तरंगून त्याची पातळी राखणारे तुकडे, बाहेर काढा. हे फ्लोट हळूहळू इंधन शोषून जड होतात. जड फ्लोट बुडतो, इंधन अडवणारी सुई बंद होत नाही आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. इंजिन आयडलला थरथरतं, एका बाजूचे प्लग काळे पडतात, कार्ब्युरेटरखालच्या ट्रेमध्ये पेट्रोल टपकतं, आणि खाली गरम एक्झॉस्ट असतो. एका कार्ब्युरेटरच्या दोन फ्लोटचं मिळून वजन ७ ग्रॅमच्या वर नको. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा यासाठी पुरतो. फ्लोट कोरडे पुसून जोडीने त्यावर ठेवा, आकडा तारखेसकट लॉगबुकात लिहा. ६.४ चा आकडा पुढच्या तपासणीत ६.८ झाला असेल, तर ७ होईपर्यंत थांबू नका, नवी जोडी मागवा.