'नियमात बसतंय ना?'

"नियमात बसतंय ना? मग झालं तर!"

काल रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) डावात हे वाक्य आलं आणि टेबल गप्प झालं. डाव मीच चालवत होतो. एकाने पुस्तकातले तीन नियम असे जोडले की, त्याचं पात्र पहिल्याच फेरीत राक्षस आडवा करत होतं. मी तपासलं. खरंच बसत होतं.

पण पुढची पाळी जिची होती, तिने हातातला वीस बाजूंचा फासा न टाकताच खाली ठेवला. हळूच, आवाज न करता. तो फासा अजून डोळ्यांसमोरून जात नाहीये.

१९९४ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो' या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये अकुमा नावाचा लपवलेला लढवय्या आहे. गेममध्येच आहे, तरी स्पर्धांमधून खेळाडूंनीच त्याला बाहेर ठेवलं, कारण त्याच्यापुढे बाकीच्यांना काही करताच येईना. उलट १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'मधले कॉम्बो, म्हणजे समोरच्याला सावरू न देता एकापाठोपाठ जोडलेले फटके, मुळात ठरवून केलेलेच नव्हते. तरी ते ठेवले गेले आणि पुढचे फायटिंग गेम त्यांच्यावरच उभे राहिले. मला वाटतं, कॉम्बो कुणालाही शिकता येतो आणि समोरच्याचा खेळ संपत नाही, म्हणून.

काल मी "बसतंय" म्हणून मोकळा झालो. तिच्याकडे बघायला हवं होतं.

शनिवारी पुन्हा बसायचंय. त्याची मेहनत वाया न घालवता तिच्या हातात फासा परत कसा द्यायचा? तुमच्या टेबलावर असं झालं तेव्हा काय केलंत?