काचेतलं ऊन

डिसेंबरात इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला आठनंतर उजाडतं आणि चारला अंधार पडतो. मला नववा लागला होता. दुपारी हॉलच्या खिडकीत तासभर ऊन यायचं, तेवढ्यात मी खुर्ची ओढून पोट उन्हात धरून बसायचे. व्हिडिओ कॉलवर आई खूश व्हायची. "बस गं बस, बाळाची हाडं घट्ट होतात."

मिडवाइफला हे सांगितलं, तर तिनं विचारलं, गोळी घेतेस ना? त्वचेत ड जीवनसत्त्व ज्या किरणांनी तयार होतं, ते काचेतून आत येतच नाहीत. बाहेर बसलं तरी ऑक्टोबर ते मार्च इथला सूर्य इतका खाली असतो की उपयोग नाही. त्यात तेवढंच जीवनसत्त्व तयार व्हायला आपल्या सावळ्या रंगाला जास्त ऊन हवं असतं. म्हणून इथं गरोदरपणात रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट घ्यायला सांगतात. मी दोन आठवडे विसरले होते. पोटातलं बाळ ड जीवनसत्त्वासाठी आईच्याच साठ्यावर जगतं हे कळल्यावर फार वाईट वाटलं.

गरोदरपणातल्या ड जीवनसत्त्वाचा मोठा अभ्यास माझ्याच गावात झालाय. साउथॅम्प्टन, ऑक्सफर्ड आणि शेफील्डच्या हजारावर गरोदर बायकांपैकी निम्म्यांना चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत रोज 1000 युनिट दिले, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. 2016 मध्ये निकाल आला: जन्मतः सगळ्या बाळांच्या हाडांत एकूण फरक नव्हता, पण हिवाळ्यात जन्मलेल्यांत ड जीवनसत्त्व घेतलेल्या आयांच्या बाळांची हाडं जास्त भरीव होती. पुढे चौथ्या आणि सहाव्या-सातव्या वर्षी तपासलं, तेव्हा ड जीवनसत्त्व घेतलेल्या आयांच्या सगळ्याच मुलांची हाडं सरासरीनं जास्त भरीव निघाली. माझं बाळ जानेवारीचं, त्यामुळे मी हे दोनदा वाचलं.

पुण्यातल्या धाकट्या बहिणीलाही दिवस गेलेत. तिथं ऊन भरपूर, पण ती स्कूटरवर सनकोट, हातमोजे, तोंडाला स्कार्फ, आणि दिवसभर एसीत. ऊन तिच्या अंगाला लागतं कधी? "डॉक्टरांना विचारच," म्हणून मी तिच्या मागेच लागले आहे. मनानं जास्त डोस मात्र कुणीच घेऊ नये.

बाळंतपणाला आई आली, अळीव आणि डिंकाचे लाडू घेऊन. अंगावर पिणाऱ्या बाळालाही इथं जन्मापासून रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात. पहिल्या दिवशी तिला ते पटलं नव्हतं. आता तेल लावून आंघोळ झाली, बाळाला दुपट्यात गुंडाळलं, की स्वयंपाकघरातून तिचाच आवाज येतो, "थेंब दिलास का गं?"