ईलिंगची शार्लट

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना विम्बल्डनचे चर्च रोडवरील मैदान दाखवून झाले, की मी त्यांना हटकून वर्पल रोडवर नेते. १९२१ पर्यंत स्पर्धा येथेच होत असे; आज तेथे एका शाळेचे क्रीडांगण आहे आणि शेजारच्या रुळांवरून लोकल धडधडत जातात. पाहुण्यांचा हिरमोड होतो. मला मात्र येथे लंडनमधल्या आमच्या ईलिंग भागातली टेनिसपटू शार्लट कूपर आठवते.

१८७० मध्ये ईलिंगला जन्मलेल्या शार्लटने १८९५, १८९६, १८९८, १९०१ आणि १९०८ अशी पाच वेळा महिला एकेरी जिंकली. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एलेन प्रेव्होला ६-१, ६-४ असे हरवून ती वैयक्तिक ऑलिंपिक विजेतेपद मिळवणारी पहिली महिला ठरली. घोट्यापर्यंतचा झगा सांभाळत, डोक्यावरून सर्व्हिस करून ती नेटकडे धाव घेई, आणि तेही अशा काळात, जेव्हा बहुतेक बायका खालच्या हाताने सर्व्हिस करून मागच्या रेषेवरूनच खेळत. सव्विसाव्या वर्षी तिला ऐकू येईनासे झाले. प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटवर चेंडू कसा बसला, हे आवाजावरूनही कळते. तो आधार गेल्यावरही तिने तीन विजेतेपदे मिळवली, हे मला तिच्या ऑलिंपिक यशापेक्षाही मोठे वाटते.

१९०२ चा अंतिम सामना तर विलक्षणच. म्युरिएल रॉबविरुद्ध पहिला सेट शार्लटने ६-४ असा जिंकला, दुसरा रॉबने १३-११ असा घेतला आणि पाऊस आला. लंडनच्या पावसाला आम्ही रोजच नावे ठेवतो, पण त्याने इतके नुकसान क्वचितच कोणाचे केले असेल. कारण दुसऱ्या दिवशी सामना पुन्हा पहिल्यापासून खेळवण्यात आला आणि रॉबने तो ७-५, ६-१ असा जिंकला.

तोपर्यंत शार्लटचे ॲल्फ्रेड स्टेरी यांच्याशी लग्न झाले होते. पुढे दोन मुले झाली, आणि त्यानंतर १९०८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, ती पुन्हा जिंकली. इतक्या वयाची महिला एकेरी विजेती विम्बल्डनला अद्याप दुसरी मिळालेली नाही.

तिच्याविषयी एक किस्सा सांगतात. विजेतेपद मिळवून ती सायकलवरून घरी परतली, तेव्हा भाऊ बागेत झाडे छाटत होता. कुठे गेली होतीस, असे त्याने विचारले. स्पर्धा जिंकून आले, असे तिने सांगितले. त्यावर तो काहीच बोलला नाही आणि कात्री चालवत राहिला.