मानहाइम ते हायडेलबर्ग: नेकारच्या काठाने एक फेरी

उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. इथे रात्री अकराला कॉम्प्युटरसमोर बसलं की तिथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि जूनमध्ये सूर्य मावळायला अजून दोन तास असतात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळात वेळ हवी तशी बदलता येते, तरी मी मुद्दाम तिथली खरी वेळ आणि खरं हवामान ठेवलं. दोन शहरांमधलं अंतर जेमतेम वीस किलोमीटर, सेसना १७२ या छोट्या विमानाला सात-आठ मिनिटांचं.

मानहाइमच्या विमानतळाचा कोड ईडीएफएम. धावपट्टी पूर्व-पश्चिम, १,०६६ मीटर लांब. वाऱ्याची आडकाठी नसेल तर २७ वरून, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून निघा. लगेच हायडेलबर्गकडे वळायची घाई नको. आधी उजवीकडे वळून नेकार नदी गाठा, तिच्या उत्तरेकडून पश्चिमेला जा आणि नेकार जिथे ऱ्हाईनला मिळते तिथे डावं वळण घ्या. पायलटची खुर्ची डावीकडे असते, त्यामुळे अशा फेरीत शहर सतत तुमच्याच खिडकीत राहतं. दोन हजार फुटांवरून मानहाइमचा जुना भाग बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. १४४ चौकोन आहेत, आणि तिथले पत्तेही रस्त्यांच्या नावांऐवजी चौकोनांच्या अक्षर-आकड्यांवरून चालतात. पटाच्या एका कडेला अवाढव्य राजवाडा आहे. त्यात आता विद्यापीठ भरतं.

हा राजवाडा हायडेलबर्गवरच्या रागातून उभा राहिला. तिथलं मुख्य चर्च कॅथलिक राजाला हवं होतं, प्रोटेस्टंट नागरिक ऐकेनात. शेवटी १७२० मध्ये कार्ल फिलिपने राजधानीच उचलून मानहाइमला नेली. आधी हे नुसतं वाचलं होतं. विमानातून एक शहर पट्टीने आखलेलं आणि दुसरं डोंगराच्या कुशीत अंग चोरून बसलेलं, असं पाठोपाठ पाहिल्यावर ते भांडण डोळ्यांसमोर उभं राहिलं.

आता नेकारच्या प्रवाहाविरुद्ध पूर्वेला चला. लाडेनबुर्गपाशी नदी दक्षिणेला वळते, तिला सोडू नका. हायडेलबर्ग जवळ आलं की डाव्या हाताला नॉयनहाइमर फेल्ड हा विद्यापीठाचा मोठा परिसर लागतो. इथे मी वेग कमी केला. खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या लोकधर्माचा ध्यास घेऊन महाराष्ट्रभर हिंडलेले गुंथर सोंथायमर हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवायचे, आणि ही संस्था कित्येक दशकं याच परिसरात होती. जेजुरीचा भंडारा आणि हे नदीकाठचं हिरवं शांत आवार, दोन्ही मनात एकदम आलं आणि गळा दाटून आला.

पुढे खोरं अरुंद होतं. उत्तरेला हायलिगनबर्ग, दक्षिणेला क्योनिगश्टूल. हा दुसरा डोंगर ५६८ मीटरचा, म्हणजे साधारण १,८६० फूट. पहिल्या खेपेला मी दीड हजार फुटांवर होतो आणि हायडेलबर्गचा किल्ला मागून पाहायला म्हणून दक्षिणेला वळलो. समोरची काच क्षणात झाडांनी भरली. इंजिनाला पूर्ण थ्रॉटल, म्हणजे सगळी ताकद देऊन कसाबसा सुटलो. म्हणून पहिली फेरी अडीच हजार फुटांवरूनच करा. वळणं कळली की मग दीड हजारावर उतरा, वेग ८० नॉट (ताशी साधारण १५० किलोमीटर), थोडे फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) खाली, आणि विमान उत्तर काठाला धरून ठेवा. या वेगाला ३० अंश कलून घेतलेल्या वळणाला सुमारे सहाशे मीटर जागा लागते. काठाला धरून राहिलं तर ती मिळते.

मुख्य गोष्ट दिशेची. खोऱ्यात शिरताना किल्ला उजवीकडे, रिकाम्या खुर्चीपलीकडे राहतो. झीगलहाउझनपर्यंत जाऊन माघारी फिरा, मग तो डाव्या खिडकीत येतो. फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केलेला, १७६४ मध्ये वीज पडून पुन्हा जळालेला हा लाल वालुकाश्माचा किल्ला संध्याकाळच्या तिरप्या उन्हात विस्तवासारखा दिसतो. दुपारी तीच उत्तरेकडची उतरण निस्तेज वाटते. मी दोन्ही वेळा पाहिलं आहे, संध्याकाळ सोडू नका. किल्ल्याखाली जुना दगडी पूल आहे. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला होता, नंतर पुन्हा बांधला.

परतताना मावळतीचा सूर्य नेमका नाकासमोर येतो. २७ वर उतरायला गेलात तर धावपट्टी शेवटपर्यंत नीट दिसत नाही. वारा पडलेला असेल तर सरळ पुढे जा, ऱ्हाईन ओलांडून मागे वळा आणि ०९ वर, म्हणजे त्याच धावपट्टीवर पूर्वेकडे तोंड करून उतरा. दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, पण ऊन पाठीशी येतं आणि ते चौकोन डाव्या हाताला पुन्हा एकदा दिसतात.