डेरी, लंडनडेरी आणि माझा बेळगावचा पत्ता

उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ज्या घरी मी उतरले होते, तिथल्या यजमानीणबाईंनी माझे पारपत्र आणि मी नोंदवहीत लिहिलेला पत्ता शेजारी ठेवून पाहिला आणि विचारले, "ही दोन वेगळी गावे आहेत का?" पारपत्रावर 'बेळगावी' होते, मी सवयीने 'बेळगाव' लिहिले होते. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारने नाव बदलले, पण आमच्या घरात ते अजून कोणी उच्चारत नाही, हे मी त्यांना सांगितले. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "मग या शहरात तुम्हाला फारसे समजावून सांगावे लागणार नाही." ते वाक्य मला इतके आवडले की पुढचे दोन दिवस मी ते मनात घेऊन हिंडले. या शहराचे दुःख आपल्याला आतून कळते, असे मला त्या वाक्याने वाटू लागले होते.

बेलफास्टमधले तीन दिवस पावसात गेले. तिथून आगगाडीने निघाले; शेवटच्या तासात गाडी समुद्राला आणि मग फॉइल नदीच्या रुंद पात्राला इतकी लगटून धावते की त्या एका तासासाठी तिकिटाचे पैसे पुन्हा द्यावेत. स्थानकावरच्या पाटीवर डेरी आणि लंडनडेरी ही दोन्ही नावे होती. मूळ आयरिश शब्द 'दोइरे', म्हणजे ओकच्या झाडांची राई. १६१३ च्या सनदेने इंग्लंडच्या राजाने हा मुलूख वसवण्याचे काम लंडनच्या व्यापारी संघांवर सोपवले आणि नावाआधी 'लंडन' जोडले गेले. १९८४ साली नगर परिषदेने स्वतःचे नाव 'डेरी' केले, तरी शहराचे अधिकृत नाव लंडनडेरीच आहे, असा निर्णय २००७ मध्ये उच्च न्यायालयाने दिला. तोंडातून पहिले नाव आले की बोलणारा बहुधा कॅथलिक आणि आयर्लंडच्या एकीकरणाच्या बाजूचा, दुसरे आले की प्रोटेस्टंट आणि ब्रिटनशी निष्ठावंत, असे धरले जाते. गावाबाहेरच्या रस्त्यावरील फलकांवर 'लंडन' तेवढे रंगाने पुसलेले मी पाहिले आणि काळे फासलेल्या पाट्या पाहत वाढलेल्या मला ते ओळखीचे वाटले.

त्याच व्यापारी संघांच्या पैशाने बांधलेला तट आजही अखंड आहे. सुमारे दीड किलोमीटरचा हा तट अर्ध्या तासात फिरून होतो. मला पूर्ण सकाळ लागली, कारण वरून खाली बॉगसाइड दिसू लागले आणि मी तिथेच थांबले. बॉग म्हणजे दलदल. तटाच्या आत सत्ता, मोठे चर्च आणि तोफा, आणि तटाबाहेर उतरणीला, पूर्वीच्या दलदलीत, कॅथलिक वस्ती. शहरात कॅथलिकांची संख्या जास्त असूनही प्रभागांची आखणी आणि घराच्या मालकीशी किंवा भाडेकरूपणाशी बांधलेला मताधिकार यांमुळे नगरपालिका दशकानुदशके युनियनिस्टांच्या, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्यांच्या, हाती राहिली. घरे कोणाला द्यायची हे नगरपालिका ठरवत असे आणि घरावर मत अवलंबून असे. १९६८ च्या ५ ऑक्टोबरला नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पुढच्या ऑगस्टमध्ये याच तटावरून खालच्या वस्तीकडे नाणी फेकली गेली आणि तीन दिवसांची लढाई पेटली, जिच्या अखेरीस ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरले.

खाली उतरल्यावर एका पाडलेल्या घराची उरलेली एकच भिंत चौकात उभी आहे. तिच्यावर १९६९ च्या जानेवारीपासून लिहिलेले आहे की तुम्ही आता मुक्त डेरीत प्रवेश करत आहात. तिच्यासमोर मला येळ्ळूर आठवले. आमच्या त्या गावाच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' असा फलक होता, तो २०१४ च्या जुलैत हटवण्यात आला आणि पाठोपाठ लोकांवर लाठ्या पडल्या. एका भिंतीवरच्या चार शब्दांसाठी माणसे मार का खातात, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझा संताप झाला तो पर्यटकांच्या एका मोठ्या गटाचा. वायुरोधक मुखवटा चढवलेल्या, हातात पेट्रोल बॉम्ब घेतलेल्या मुलाच्या भित्तिचित्रापुढे ते एकामागून एक तशाच आवेशात उभे राहून हसत छायाचित्रे काढत होते, आणि त्या घरांच्या खिडक्यांमागे राहणारी माणसे हे रोज पाहत असतील. मला ते अजूनही क्षमा करावेसे वाटत नाही.

थोडे पुढे १९७१ मध्ये गोळी लागून मेलेल्या १४ वर्षांच्या मुलीचे चित्र आहे, शाळेच्या गणवेशात. तिच्या बाजूच्या बंदुकीचे चित्र आधी अखंड होते आणि वरचे फुलपाखरू नुसत्या रेषांचे. शांतता प्रक्रिया स्थिरावल्यावर चित्रकारांनी बंदूक मोडलेली दाखवली आणि फुलपाखरात रंग भरले. जवळच्या संग्रहालयात १९७२ च्या ३० जानेवारीची कथा सांगितली जाते. खटल्याविना स्थानबद्धतेविरुद्ध निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटच्या सैनिकांनी गोळीबार केला. त्या दिवशी १३ जण मेले, चौदावा काही महिन्यांनी. पहिल्या चौकशीने सैनिकांना जवळपास दोषमुक्त केले आणि मेलेल्यांवरच संशय ठेवला. दुसरी, लॉर्ड सॅव्हिल यांची चौकशी १९९८ मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल २०१० च्या १५ जूनला आला: मारल्या गेलेल्यांपैकी कोणीही सैनिकांच्या जिवाला धोका निर्माण केला नव्हता. पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेत माफी मागितली तेव्हा गिल्डहॉलसमोरचा, म्हणजे इथल्या नगरभवनासमोरचा, चौक माणसांनी भरला होता आणि तिथे पहिला अहवाल फाडण्यात आला. आपला भाऊ निरपराध होता एवढेच ऐकण्यासाठी ३८ वर्षे थांबलेल्या माणसांचा विचार करत मी त्या चौकात बराच वेळ बसले.

माझी बाजू तोवर पक्की झाली होती. खरे म्हणजे बेळगावहून निघतानाच ती झालेली होती.

तिसऱ्या दिवशी मी बिशप्स गेटमधून बाहेर पडून डावीकडे वळले. पदपथांच्या कडा लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगवलेल्या होत्या आणि एका भिंतीवर लिहिले होते की नदीच्या पश्चिम तीरावरील लंडनडेरीचे निष्ठावंत अजूनही वेढ्यात आहेत, शरणागती नाही. हे फाउंटन. नदीच्या या बाजूला उरलेली प्रोटेस्टंटांची ही एवढीच लहानशी वस्ती. बाकीचे हजारोंनी १९६९ नंतरच्या वर्षांत नदीपलीकडे निघून गेले. एका कडेला उंच जाळीचे कुंपण आहे, दगड आणि बाटल्या अडवणारे. इथे पर्यटकांचा एकही गट नव्हता. मीही कुंपण पाहून परत फिरणार होते, तेवढ्यात दारातल्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या एका वृद्ध बाईंनी वाट चुकलात का, असे विचारले. नाही म्हटल्यावर त्यांनी चहा पुढे केला, आणि मला सांगायला हवे की आयर्लंडभर पैसे मोजून घेतलेल्या कोणत्याही पाहुणचारापेक्षा दाराच्या पायरीवर मिळालेला तो कप मला मोलाचा वाटतो.

'वेढ्यात' हा शब्द मी भिंतीवर वाचला तेव्हा मला अतिशयोक्त वाटला होता. बाईंच्या बोलण्यात तो १६८८ पासून सुरू झाला. दुसऱ्या जेम्स राजाचे कॅथलिक सैन्य येताना पाहून १३ शिकाऊ कारागिरांनी वेशी बंद केल्या, पुढे वेढा १०५ दिवस चालला, आत हजारो माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. शरण जाऊ पाहणाऱ्या लंडी या गव्हर्नरचा पुतळा अजून दर डिसेंबरात जाळला जातो. वेढ्यातला दुसरा गव्हर्नर वॉकर, त्याचा तटावरचा उंच स्तंभ १९७३ मध्ये आयर्लंडच्या एकीकरणासाठी सशस्त्र लढणाऱ्या आयआरए या संघटनेने उडवला आणि आता नुसता चौथरा उरला आहे. मी त्याच चौथऱ्याशेजारी उभी राहून बॉगसाइडची छायाचित्रे घेतली होती आणि तो कशाचा आहे हे वाचायलाही थांबले नव्हते. मग बाई अगदी साध्या गोष्टींवर आल्या. एकेक शेजारी सामान बांधून पुलापलीकडे गेला, गल्लीतली मुले कमी होत गेली, आपल्या बाजूचे दुकान बंद झाले. बॉगसाइडमध्ये जे घडले ते वाईट होते, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. "पण इकडे कोणी विचारायला येत नाही," त्या म्हणाल्या.

नगरपालिकेने लोकांना घरे आणि मते नाकारणे आणि सैन्याने मोर्चावर गोळ्या घालणे, यांना कुठल्याही दुसऱ्या दुःखाच्या तराजूत टाकून हलके करता येत नाही, असे मला तिथे बसूनही वाटत होते आणि आजही वाटते. पण या बाईंचा समाज राज्यात बहुसंख्य होता आणि त्यांच्या गल्लीत तो मूठभर उरला आहे, हेही त्याच तटाखालचे सत्य होते आणि ते पाहायला मी फक्त चुकून थांबले होते.

त्यांनी माझ्या गावाविषयी विचारले. मी दोन नावे, सीमाप्रश्न, काळा दिवस, येळ्ळूरचा फलक, सगळे सांगितले. दोन दिवस मनात घोळवलेले असल्यामुळे ते ओघाने आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्याकडे दुसऱ्या बाजूची माणसे कुठे राहतात?"

मी म्हणाले, आमच्याकडे असे कुंपण नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून एक कन्नड कुटुंब राहते. सणाला ताटे इकडून तिकडे जातात, माझ्या आईच्या शेवटच्या आजारात त्या घरातल्या बाई रात्री जागल्या होत्या.

"मग त्या बाईंना त्या नावाचे काय वाटते?"

बावीस वर्षे शेजारी राहूनही मी त्यांना हे कधी विचारले नव्हते, आणि तसेच मी सांगितले.