कुत्र्याची रात्रीची शी-शू: कधीतरीच घडणाऱ्या प्रसंगांचा माग

कुत्रा रोज घरात लघवी करत असेल, तर काय करायचे हे ठरवणे त्या मानाने सोपे असते, कारण एकतर त्याला बाहेर जाण्याची सवय लागलेली नसते किंवा तो आजारी असतो. खरी पंचाईत होते ती सगळे सुरळीत चालले असताना एखाद्या पहाटे अचानक दिवाणखान्यात डबके किंवा शी दिसते तेव्हा. आपण चरफडत फरशी पुसतो, दिवसाच्या कामाला लागतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तसेच घडते तेव्हा मागच्या खेपेला नेमके काय झाले होते, हे घरात कोणालाही आठवत नाही. आमची बिजली आता वयस्कर होऊ लागली आहे आणि तिच्या सहवासात माझे असे ठाम मत झाले आहे की या प्रसंगांचे कारण रात्रीत क्वचितच असते. ते आदल्या संध्याकाळी असते किंवा कुत्र्याच्या शरीरात असते, आणि पुष्कळदा एकाच कुत्र्याच्या बाबतीत दोन्ही ठिकाणी असते. दोन वेगळ्या कारणांनी घडलेले प्रसंग ‘हल्ली ती कधीकधी घरात करते’ अशा एकाच वाक्यात गुंडाळले की दोन्ही कारणे हातातून निसटतात.

निरोगी प्रौढ कुत्रा रात्रीचे सात-आठ तास सहसा आरामात काढतो. पिल्लाचा हिशेब वेगळा असतो: वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवून येतील साधारण तितके तास ते थांबू शकते, असा ढोबळ नियम कुत्री पाळणारे लोक सांगतात. तेव्हा तीन महिन्यांच्या पिल्लाने मध्यरात्रीनंतर घरात लघवी केली तर त्यात बिघडलेले काहीच नसते. त्याला मध्ये एकदा बाहेर न्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. पुढचे सगळे लिहिले आहे ते वर्षानुवर्षे व्यवस्थित राहिलेल्या आणि मधूनच चुकणाऱ्या कुत्र्यांविषयी.

फडके हातात घेण्याआधी मिनिटभर नीट पाहावे, कारण जागा, प्रमाण आणि स्वरूप या तीन गोष्टी पुष्कळ काही सांगून जातात. ओल कुत्र्याच्या अंथरुणावर असेल, मागचे पाय किंवा शेपटीखालचे केस भिजलेले असतील आणि कुत्रा स्वतःच उठल्यावर गोंधळल्यासारखा दिसत असेल, तर ती लघवी त्याने ‘केलेली’ नसते. ती झोपेत गळलेली असते. गर्भाशय काढलेल्या मध्यम आणि मोठ्या आकाराच्या माद्यांमध्ये मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेला, लघवी रोखून धरणारा स्नायू सैल पडल्यामुळे हे घडताना दिसते, आणि ते शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही सुरू होऊ शकते. बिजलीच्या अंथरुणावर पडणारे डाग याच प्रकारचे निघाले. यावर फेनिलप्रोपॅनोलामाइन किंवा एस्ट्रिऑल यांसारखी औषधे डॉक्टर देतात आणि बहुतेक माद्यांना त्यांचा चांगला गुण येतो. अशा कुत्रीला शिस्त लावू पाहणे निरर्थक आहे, आणि रात्री पिंजऱ्यात कोंडणे तर क्रूरपणाच आहे, कारण आपली झोपण्याची जागा स्वच्छ ठेवण्याची तिची उपजत ओढ असते आणि आपण तिला ओल्या अंथरुणातून बाहेर पडण्याचीही सोय ठेवत नाही.

डबके दाराजवळ असेल तर गोष्ट निराळी. तेथवर चालत गेलेल्या कुत्र्याला कोठे जायचे हे ठाऊक होते, त्याने बहुधा वाटही पाहिली, आणि दार उघडणारे कोणी जागे झाले नाही. खुर्चीच्या किंवा पलंगाच्या पायावर थोडीशी लघवी उंचावर उडालेली असेल तर ते हद्द आखणे होय. घरात नवा प्राणी किंवा पाहुणा आला की काही नर कुत्रे हे करतात. घरभर लहान लहान थेंब, वारंवार बसणे किंवा लघवीत लाली असेल तर मूत्राशयाच्या दाहाचा संशय घ्यावा. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मोठ्या, जवळजवळ पाण्यासारख्या रंगाच्या आणि फारसा वास नसलेल्या डबक्याची. याचा अर्थ कुत्रा जास्त पाणी पितो आहे आणि मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत किंवा त्यांना ती करता येऊ नये असे काहीतरी शरीरात चालले आहे: मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक प्रमाणाबाहेर वाढणे), गर्भाशय शाबूत असलेल्या मादीत तेथे पू होणे, किंवा अगदी साधे म्हणजे खाज कमी व्हावी म्हणून नुकत्याच सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी पितो. तेच 100 च्या पुढे गेले तर ते निश्चितपणे जास्त समजतात. मोजणे अवघड नाही. सकाळी मापून पाणी ओतावे, दिवसभरात घातलेली भर लिहून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले वजा करावे.

शीच्या बाबतीत पाहणी लवकर आटोपते. बांधीव शी म्हणजे पोट ठीक आहे, वेळापत्रक चुकले आहे. पातळ शी म्हणजे पोट बिघडले आहे, आणि तिच्याबरोबर शेंबडासारखा चिकट स्राव असेल तर मोठ्या आतड्याचा दाह असण्याची शक्यता असते. त्यात कळ इतक्या अचानक येते की शहाण्यातला शहाणा कुत्राही थांबू शकत नाही.

आता संध्याकाळ. पोटात अन्न गेले की मोठे आतडे हालू लागते, ही सस्तन प्राण्यांची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे आणि पुष्कळ कुत्र्यांना जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत शी लागते. रात्रीचे जेवण उशिरा दिले आणि शेवटचा फेरफटका त्याच्या आधीच उरकला, तर पहाटे शी सापडल्यास आश्चर्य वाटू नये. जेवण झोपण्याच्या तीन-चार तास आधी आणि फेरी अगदी झोपण्यापूर्वी, हा क्रम बहुतेक घरांत पुरेसा ठरतो. पण फेरी झाली म्हणजे काम झाले असे नाही. अंगणात मोकळे सोडलेले कुत्रे वास घेत हिंडते, ढगांच्या गडगडाटाने बिचकते, पाय ओले होतात म्हणून कडेला उभे राहते आणि काहीही न करता शेपूट हलवत परत येते. बिजलीचे दाराजवळचे प्रसंग जवळजवळ सगळे पावसाळी संध्याकाळींनंतरचे होते, हे आम्हाला प्रत्येक प्रसंग लिहून ठेवलेल्या टिपणवहीमुळे कळले; अंथरुणावरच्या डागांचा आणि पावसाचा मात्र काडीचाही संबंध नव्हता. म्हणून शेवटच्या फेरीला पट्टा लावून आपण स्वतः सोबत जावे, तिने लघवी केल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि शाबासकी किंवा खाऊ तेथेच, त्याच क्षणी द्यावा. घरात येऊन दिलेला खाऊ तिच्या लेखी घरात येण्याबद्दलचा असतो. लघवी होताच लगेच माघारी फिरण्याची घाईही करू नये, नाहीतर चतुर कुत्रे फेरी लांबवण्यासाठी ती धरून ठेवायला शिकते.

रात्री पाण्याचे भांडे उचलून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. निरोगी पिल्लाच्या बाबतीत झोपण्यापूर्वी तास-दोन तास तसे केले तर ठीक आहे, परंतु प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत मला तो अजिबात मान्य नाही. ज्याची मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत, त्याचे पाणी तोडणे धोक्याचे असते, आणि कारण कळेपर्यंत आपला कुत्रा त्यांतला नाही, हे आपण खात्रीने सांगू शकत नाही.

सकाळी कुत्र्याला डबक्यापाशी नेऊन रागावण्याने काय साधते? ‘बघा, त्याला कळते, त्याचा चेहरा पाहा’ असे म्हणणारे घरोघरी भेटतात. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमके हेच तपासले होते आणि तो ‘अपराधी चेहरा’ कुत्र्याने खरोखर काही केले होते की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. काही तासांपूर्वीच्या कृतीशी आत्ताचा ओरडा जोडणे कुत्र्याला जमत नाही. फार तर माणसांसमोर लघवी करणे धोक्याचे आहे एवढे ते शिकते, आणि मग बाहेर पट्ट्यावर असतानाही ते आपल्यासमोर करायला कचरते.

स्वच्छतेत दोनच गोष्टींचा आग्रह धरावा. ओल टिपून घ्यावी, घासू नये. आणि त्यानंतर एन्झाइमयुक्त द्रावण डाग जितका खोल गेला असेल तितके मुरवून, सांगितलेला वेळ ओले राहू द्यावे. अमोनिया असलेली द्रावणे टाळावीत, कारण लघवीतल्या युरियापासूनही अमोनियाच तयार होतो. ताज्या लघवीवर ब्लीच ओतणे तर आरोग्याला घातक आहे, कारण त्यातून क्लोरामाइनचे विषारी वायू निघू शकतात. रात्री आपोआप फिरणारा झाडूयंत्राचा रोबो ज्यांच्या घरात असेल त्यांनी त्याची वेळ दिवसाची ठेवावी, कारण सांगण्याची गरज नसावी.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत आणखी दोन शक्यता असतात. सांधे दुखत असल्यामुळे उठून दारापर्यंत जाणेच नकोसे होते, किंवा मेंदूच्या वार्धक्यामुळे दिवस-रात्रीचे भान सुटते आणि कोपऱ्यात तोंड करून उभे राहणे, रात्री येरझाऱ्या घालणे अशा गोष्टींबरोबर घरात शी-शू होऊ लागते. घसरत्या फरशीवर पायपुसणे अंथरावे, वाटेत मंद दिवा ठेवावा, अंथरुणाखाली पाणी न झिरपणारे आच्छादन घालावे. दुखण्यावर आणि भ्रमावर औषधे आहेत.

डॉक्टरांकडे जाताना टिपणवहीबरोबर पहाटेच्या पहिल्या लघवीचा नमुना स्वच्छ डबीत न्यावा. ती सर्वांत घट्ट असते, त्यामुळे मूत्रपिंडांची ताकद तिच्यावरून चांगली समजते. लगेच पोहोचवता येत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी. मात्र कुत्रा पुन्हा पुन्हा जोर करत असेल आणि थेंबही येत नसेल, तर नमुन्याची वाट न पाहता त्याच क्षणी निघावे. मूत्रमार्ग अडल्याने जीव जाऊ शकतो.

आणि कुत्र्याने रात्री उठवलेच, तर उठावे. फक्त ती फेरी शक्य तितकी कंटाळवाणी ठेवावी: मोठे दिवे नकोत, गप्पा नकोत, खेळ नको, लघवी झाल्यावर हळू आवाजात एक शाबासकी आणि परत अंथरूण. यात मजा आहे असे एकदा कुत्र्याला वाटले की पुढच्या वेळी लघवी लागलेली नसतानाही पहाटे तीन वाजता आपल्या पांघरुणावर पंजा पडतो.